चेन ढिली का ठेवायची?

“सर, तुमच्या मासिकवाल्यांनी माझं गिऱ्हाईक बिघडवलं.”

मेस्त्री मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. एक पोरगा नुकताच हुज्जत घालून गेला होता. हुज्जत चेनवरून. चेन खडखडते, घट्ट करून द्या, असं गिऱ्हाईक एरवी म्हणतं. हा उलटा निघाला. ‘खालच्या बाजूला मध्यावर अडीच सेंटिमीटर खेळ ठेवा, आणि चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात ताणली जाते तिथेच मोजा,’ असं त्याने मेस्त्रींना ऐकवलं आणि वर दप्तरातून सहा इंची पट्टी काढली. मेस्त्री आजवर बोटाने चेन दाबून अंदाज घेत आलेत. ती पट्टी त्यांना झोंबली.

सर खुर्चीत बसून हसत होते. सर म्हणजे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, राहायला दादरच्या हिंदू कॉलनीत. तरुणपणी येझदी रोडकिंग, मग संसार लागल्यावर हिरो होंडा. मोटारसायकलींची मासिकं त्यांनी आधी फाउंटन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी उचलून वाचली, पुढे नवी विकत घेऊन. संध्याकाळी टिळक ब्रिज ओलांडून भवानी शंकर रोडच्या मागल्या अंगाला मेस्त्रींच्या गाळ्यावर येऊन बसायचं, हा त्यांचा नेम. मी गाडी दाखवायला गेलो होतो आणि दोघांच्या मध्ये सापडलो. पुढचं बहुतेक बोलणं त्यांचंच आहे.

सर : पोराने चूक काय सांगितलं?

मेस्त्री : चूक नाही हो. पण मला सांगतोय! चेन टाइट केली की बेअरिंग जातं, हे त्याच्या जन्माच्या आधीपासून मी लोकांना सांगतोय.

सर : का जातं?

मेस्त्री : जातं म्हणजे जातं. खेचून जातं.

सर : गाडी स्टँडवर असताना तर कोणी खेचत नाही. मग खेचतो कोण?

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला. सरांनी गाळ्याच्या फरशीवर खडूने तीन ठिपके काढले. पहिला पुढच्या स्प्रॉकेटचा, दुसरा मागच्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) बोल्टचा, तिसरा चाकाच्या एक्सलचा. चाक खड्ड्यात आपटून वर येतं ते चिमट्याच्या बोल्टभोवती फिरून, स्प्रॉकेटभोवती नव्हे. म्हणून वर येताना एक्सलचं स्प्रॉकेटपासूनचं अंतर बदलतं, आणि तिन्ही ठिपके एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होतं. चेनला सगळ्यात जास्त लांबी तिथे लागते. उभ्या गाडीवर चेन तंग दिसली तर मागे बायको, पुढे पोर, सोबत भाजीची पिशवी आणि खाली सेनापती बापट मार्गावरचा खड्डा अशा क्षणी तिला लागणारी लांबी कुठून येणार? ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते आणि बेअरिंग खाते.

सर : मोजायचं उभ्या गाडीवर, पण विचार करायचा खड्ड्यातल्या गाडीचा. हे तीन ठिपके मला कुठल्या वर्गात शिकवले नव्हते, मेस्त्री. एका मासिकातल्या आकृतीत पाहिले. एम.एस्सी. होऊनसुद्धा तोवर मला कळलं नव्हतं की माझ्याच गाडीखाली भूमितीचं प्रमेय लटकतंय.

मेस्त्री : माझ्या हाताला ठाऊक होतं.

सर : तुमच्या हाताला ठाऊक होतं, पण तुमचा हात गिऱ्हाइकाबरोबर घरी जात नाही.

इथे मला वाटलं, सरांनी बाजी मारली. पण मेस्त्री मालवणकडचे. एका वाक्यात हरणाऱ्यांतले नाहीत.

मेस्त्री : गिऱ्हाइकाने घरी हे सगळं का न्यायचं? हिरो होंडाची जाहिरात आठवते? पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९८५ मध्ये सीडी १०० आली आणि आमच्या गिऱ्हाइकाचं आयुष्य बदललं. तोवर स्कूटरवाल्याच्या डिकीत जादा प्लग आणि प्लग-पाना असायचाच. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घाला, वर्षाकाठी सायलेन्सर जाळून आतला कोळसा काढा, सकाळी गाडी आडवी करून किक मारा. एलआयसीचा एजंट, दूधवाला, सेल्समन… यांना मशीन समजून घ्यायचं नव्हतं, कामावर जायचं होतं. होंडाने त्यांना सांगितलं, विसरा. मी म्हणतो, याच्याएवढं मोठं इंजिनिअरिंग नाही. जी गाडी विसरता येते ती चांगली गाडी. आणि तुमचे लेखक सांगतात, विसरू नका, वाचा!

या मुद्द्यावर सर गप्प झाले. मीही. चांगल्या यंत्राची ही व्याख्या सहज उडवून लावण्यासारखी नव्हती.

सर : गाडी विसरता येईल हो, रस्ता विसरता येतो का? पुढच्या ब्रेकचं घ्या. या शहरात गाडी शिकवणारा प्रत्येक काका, मामा आणि मोठा भाऊ काय सांगतो? ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील.’ तुम्हीसुद्धा सांगता. मी ऐकलंय.

मेस्त्री : सांगतो. पोरगं आपटलेलं चालेल का?

सर : हेच! ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो. जितका जोरात ब्रेक, जितकी गाडी उंच आणि जितकी दोन चाकं जवळ, तितका जास्त. टायरवर भार आला की त्याची पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, ते जरा दाबलं की घासत जातं. गाडी थांबवण्याची ताकद पुढे, आणि आपण पोरांना पिढ्यान्‌पिढ्या मागे दाबायला शिकवलं. लोक पडतात ते पुढचा ब्रेक मारल्याने नव्हे, तो झटक्यात आवळल्याने, भार पुढे यायच्या आत. किंवा हँडल वळलेलं असताना. आधी हलकं दाबा, फोर्क बसला की मग वाढवा. हे चार ओळींत लिहिता येतं, आणि मोटारसायकलवर लिहिणाऱ्या जुन्या लोकांनी ते पुन्हा पुन्हा लिहिलं. कंटाळा न करता. नवा वाचक दरवर्षी येतो, म्हणून दरवर्षी.

मेस्त्री : फूल बाजारात या सकाळी सहाला. स्टेशनसमोर रस्ताभर ओल्या पाकळ्या, पानं, पाणी. तिथे दाबून दाखवा तुमचा पुढचा ब्रेक.

सर : तिथे दोन्ही जपूनच. टायरखाली पकडच नाही तर भार येऊन काय करणार? पेव्हर ब्लॉक, मॅनहोलचं झाकण, झेब्राचा पांढरा पट्टा, सगळ्याला हेच लागू. पण कारण कळलं की माणूस फूल बाजारात एक करतो आणि कोरड्या रस्त्यावर दुसरं. नुसता नियम कळला की सगळीकडे एकच करतो.

मेस्त्री : आता कायद्यानेच एबीएस आलंय.

सर : १ एप्रिल २०१९ पासून. १२५ सीसीच्या वर एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारं; खाली निदान सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लावणारं. पण एबीएससुद्धा दाबणाऱ्यालाच वाचवतं. भीतीने जो पुढचा लिव्हर शिवतच नाही, त्याचं काय?

मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही. चहा आला.

सरांची एक सवय आहे. चहा आला की ते इतिहासात शिरतात. त्या दिवशी ते फिल आयर्विंगवर गेले. हा ऑस्ट्रेलियन माणूस इंग्लंडात व्हिन्सेंट मोटारसायकलींचा इंजिनिअर होता. एकसिलिंडरी इंजिनाच्या आराखड्याचे दोन कागद एकमेकांवर तिरके पडलेले दिसले आणि त्यातून व्हिन्सेंटच्या व्ही-ट्विनची कल्पना निघाली, ही त्याचीच गोष्ट. सरांना अप्रूप याचं नव्हतं. हाच माणूस ‘मोटर सायकलिंग’ या साप्ताहिकात ‘स्लाइड रूल’ या टोपणनावाने सामान्य वाचकांसाठी लिहायचा. पुढे १९६६ मध्ये जॅक ब्रॅबमने फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद जिंकलं, त्या रेप्को इंजिनाच्या आखणीतही मुख्य हात आयर्विंगचाच.

सर : म्हणजे बघा, जगज्जेतं इंजिन आखू शकणारा माणूस रोज कामावर जाणाऱ्याला टॅपेट का वाजतो ते समजावून सांगतोय. अमेरिकेत केविन कॅमेरॉन. स्वतः रेसच्या गाड्या बांधायचा, मग लिहायला लागला. ‘सायकल’मध्ये, नंतर ‘सायकल वर्ल्ड’मध्ये. त्याचा लेख वाचला की पिस्टनच्या डोक्यावर त्या क्षणी काय चाललंय, ते आपण आत बसून बघतोय असं वाटतं. आणि तो वाचकाला मूर्ख समजत नाही. अवघड गोष्ट तो सोपी करत नाही, तुम्हाला हात धरून तिथवर नेतो.

मी म्हटलं, हे सगळे साहेब लोक झाले. आपल्याकडचं काय?

सर : आपल्याकडे आदिल जाल दारुखानावाला. आधी ‘कार अँड बाइक इंटरनॅशनल’, मग १९९८ मध्ये ‘ओव्हरड्राइव्ह’. अस्पी भठेना, स्वतः शर्यती मारलेला माणूस, तो ‘बाइक इंडिया’त. १९९९ ला ‘ऑटोकार इंडिया’ आलं, होरमझद सोराबजींचं. आधी आपल्याला परदेशी गाड्यांबद्दल परदेशी मासिकांत वाचावं लागायचं, ज्या गाड्या आपण कधी बघणार नव्हतो. या लोकांनी आपल्या गाडीबद्दल लिहिलं, हा फरक मोठा.

मेस्त्री : सगळे पारशी!

सर : बरेचसे.

मेस्त्री : मग बरोबर. पलीकडे पारशी कॉलनीतली गाडी विकायला निघाली की आम्ही आजही आधी धावतो. बावाजीची गाडी म्हणजे किलोमीटर विचारायचे नाहीत, डोळे झाकून घ्यायची.

मेस्त्रींनी हे निखळ आदराने म्हटलं. यंत्राची काळजी घेणाऱ्याबद्दल त्यांना जो आदर आहे, तो यंत्राबद्दल लिहिणाऱ्याबद्दल नाही. त्यांच्या लेखी या दोन जाती वेगळ्या.

मेस्त्री : पण सर, एक विचारतो. आरएक्स १०० घ्या. ८५ ला आली, ९६ ला बंद झाली, आणि आजही पोरं जीव टाकतात. तेव्हा प्रत्येक पोरगा यायचा आणि म्हणायचा, मेस्त्री, सायलेन्सरमधली पुंगळी काढा. आवाज वाढला की त्याला वाटायचं गाडी पळायला लागली. मी सांगायचो, अरे, तळाला मरेल, चढावर रडेल. ऐकायचा नाही. पुंगळी काढायचा, महिन्याने परत लावायला यायचा. दोनदा पैसे. तुमच्या लेखांनी यातला एक तरी थांबला?

सरांचा चेहरा उजळला. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा त्यांचा लाडका विषय आहे आणि मेस्त्रींना ते पक्कं ठाऊक आहे. मला तर संशय आहे की मेस्त्रींनी मुद्दाम तो काढला.

या टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. जळलेला वायू ज्या खिडकीतून बाहेर जातो, ती उघडी असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं काही जळलेल्याच्या पाठोपाठ बाहेर निसटतं. वाया. पण धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी रुंदावत गेली तर उलट्या अंगाने ओढ येते आणि उरलासुरला धूर खेचला जातो. पुढे नळी अरुंद होत गेली तर दाब परत फिरतो, आणि वेळ नेमकी जमली तर निसटलेलं ताजं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे, ज्यात हलणारा एकही तुकडा नाही. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात हे गणित शर्यतीच्या गाडीवर बसवलं. १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर शर्यतीच्या निमित्ताने बाहेर पडला तो परतलाच नाही. बायकापोरं गाडीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे आली. डेग्नर सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद सुझुकीला मिळालं. काडेन मात्र तिथेच राहिला.

सर : एक देश दुसऱ्या देशाचं सायलेन्सरचं गणित पळवतो, आणि दादरचा पोरगा दोनशे रुपये देऊन तेच गणित काढून टाकतो! अमेरिकेत गॉर्डन जेनिंग्जने १९७३ मध्ये टू-स्ट्रोकचं एक हँडबुक लिहिलं. त्यात हे कोन, या लांब्या कशा काढायच्या, सगळं साध्या आकडेमोडीत मांडलं. तोवर हे बहुतेक कारखान्यांच्या कुलपात होतं. एका पत्रकाराने कुलूप उघडून दिलं. आता सांगा, हे मोठं काम नाही?

मेस्त्री : मोठं आहे. पण माझा प्रश्न तसाच राहिला. पुंगळी काढणारा थांबला का?

सर : नाही.

मेस्त्री : कारण तो वाचत नव्हता. जो वाचत होता तो मुळात पुंगळी काढणारा नव्हता.

सर : अहो, पण एखादा वाचणारा तरी—

मेस्त्री : आणि जे होतं ते इंग्लिशमध्ये. माझ्याकडे इतकी पोरं काम शिकून गेली, परळच्या, लालबागच्या चाळींतली, काही गावाहून आलेली. हात सोन्याचे. त्यांच्यासाठी कोणी लिहिलं? सर, तुम्ही मला वाचून दाखवलंत म्हणून मला चार गोष्टी कळल्या. सगळ्या मेस्त्र्यांच्या गाळ्यावर सर येऊन बसत नाहीत.

माझ्या मते त्या संध्याकाळचा हा सगळ्यात जड मुद्दा. मोटारसायकलचे कारखाने पुण्याजवळ चाकणला, चालवणारे गावोगावचे, दुरुस्त करणारे मराठी बोलणारे, आणि तिचं शास्त्र इंग्रजी मासिकांत. मराठी वर्तमानपत्रांनी गाड्यांची पानं काढली, नाही असं नाही. पण त्यात कुठली गाडी घ्यावी, ॲव्हरेज किती, ईएमआय किती याला जागा जास्त. चेन ढिली का, याला कमी.

गंमत म्हणजे यंत्राबद्दल मराठीत लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि ती सरांनीच काढली. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ती तेव्हा भायखळ्याला होती, माटुंग्याला १९२३ मध्ये आली. बेळगावात सायकलींचं दुकान, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायला. कवितांचं, कथांचं मोठं मराठी मासिक ती नंतर झाली.

सर : म्हणजे मराठीतलं एक थोर मासिक यंत्राच्या माहितीपत्रकातून निघालं. नांगराबद्दल मराठीत लिहिता येत होतं, तर मोटारसायकलबद्दल का नाही?

मेस्त्री : कारण नांगर विकायचा होता. कंपनीला गरज होती. आता कंपनीला मी नकोच आहे. २०२० नंतरची गाडी बघा. बीएस-६. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. बिघाड झाला की डॅशवर पिवळा दिवा. तो का लागला हे बघायला स्कॅनर, तो कंपनीकडे. बाजारात मिळतो तो अर्धवट दाखवतो. पूर्वी मी कान लावून सांगायचो टॅपेट आहे की टायमिंग चेन. आता दिवा बघतो आणि म्हणतो, शोरूमला न्या. आणि तुमचे पत्रकार? कंपनी हॉटेलात बोलावते, नवी कोरी गाडी देते. ते चालवतात, वळणावर झोपवून फोटो काढतात, लिहितात. हजार किलोमीटरच्या गाडीबद्दल सगळ्यांना सगळं माहिती. साठ हजार किलोमीटरच्या गाडीबद्दल कोणी लिहिलंय? ती फक्त माझ्याकडे येते.

सर बराच वेळ कपाकडे बघत राहिले.

सर : काही मासिकं गाडी वर्षभर ठेवून लिहायची.

मेस्त्री : वर्षभर. साठ हजार नाही.

सर : नाही. तेवढं नाही.

मी मध्येच विचारलं, मेस्त्री, तुमच्याकडून एखादी गोष्ट सरांच्या मासिकांना कळायला हवी होती, अशी सांगा. मेस्त्री उठले आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. कनेक्टिंग रॉड. काळपट. नीट पाहिलं तर मधोमध किंचित वाकलेली, इतकी किंचित की प्रकाशासमोर धरल्याशिवाय दिसू नये.

मेस्त्री : हिंदमाता चौकात पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यातली. आता टाक्या बांधल्यापासून पाणी कमी तुंबतं, पण तेव्हा सीटला लागायचं. गाडी पाण्यात बंद पडली. माणूस काय करतो? किक मारतो. सेल दाबतो. एअर फिल्टरमधून आत पाणी गेलेलं असतं.

सर : आणि हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. शंभर सीसीची गाडी, ९७ सीसी धरा, कॉम्प्रेशन नवाला एक. पिस्टन वर आल्यावर डोक्यावर जागा उरते जेमतेम बारा सीसी. चहाचे दोन-अडीच चमचे. त्याहून जास्त पाणी असलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, फ्लायव्हील थांबायला तयार नाही. मधल्यामध्ये रॉड वाकतो.

मेस्त्री : पुढचं ऐका. ही गाडी त्या दिवशी चालू झाली. प्लग काढला, पाणी काढलं, ऑइल बदललं, झाली चालू. मालक खूश. तीन-चार महिन्यांनी आवाज, धूर, पिकअप नाही. सगळ्यांनी ऑइल रिंग बदलायला सांगितलं. मी हेड काढलं आणि पिस्टन वरच्या टोकाला आणून बोट फिरवलं. सिलिंडरच्या काठाला लागायला पाहिजे तो पिस्टन नखभर खाली. वाकलेला रॉड आखूड होतो ना. पिस्टन तिरका घासत होता. पाण्याचा मार चार महिन्यांनी दिसला. हे मासिकात असतं का? कारण त्यांची गाडी तोवर कंपनीला परत गेलेली असते.

सरांनी रॉड हातात घेतला, उजेडासमोर धरला, परत दिला. ‘पाण्यात बंद पडली तर किक मारू नका’ हे त्यांनी वाचलेलं होतं. ‘मारलीत आणि चालू झाली, तरी हेड उघडून बघा’ हे त्यांना नवीन होतं.

मेस्त्री आता थोडे सैलावले. क्लचची गोष्ट त्यांनी स्वतःच काढली. एका गाडीचा क्लच घसरत होता. प्लेटा बदलल्या, महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मेस्त्रींनी मालकाला विचारलं, ऑइल कुठलं घालता? मालकाच्या मेहुण्याच्या कारचं उरलेलं ऑइल, भारीतलं. मेस्त्रींनी ऑइल बदलून दिलं, गाडी बरी झाली. पण का, ते त्यांना कळलं नव्हतं. कळलं ते सरांनी सांगितल्यावर. कारचा क्लच कोरडा, मोटारसायकलचा ऑइलमध्ये बुडालेला. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, आणि क्लच तर घर्षणावरच जगतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ असं बघून घ्यायचं. त्या दिवसापासून मेस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला डबा उलटा करून ती अक्षरं दाखवतात.

सर : बघा, रोग तुम्ही पकडलात, त्याचं कारण मी वाचलं होतं. दोन्ही लागतं की नाही?

मेस्त्री : लागतं. पण मासिकात नाव लिहिणाऱ्याचं येतं.

यावर सरांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कोणाकडेच नाही. आयर्विंगने इंजिनं बांधली, कॅमेरॉनने शर्यतीच्या गाड्या बांधल्या, भठेनांनी शर्यती मारल्या. या थोर मंडळींचं लिहिणं पटतं ते त्यांचे हात काळे झाले होते म्हणून. पण ज्यांचे हात आयुष्यभर काळेच राहिले त्यांनी लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. मला या जुन्या पत्रकारांबद्दल कृतज्ञता आहे, पुढचा ब्रेक मी त्यांच्यामुळे दाबायला शिकलो. तरी मेस्त्रींची तक्रार मला त्या कृतज्ञतेपेक्षा लहान वाटत नाही.

सर : मेस्त्री, आपण लिहू या. मराठीत. तुम्ही सांगा, मी लिहितो. तुमच्या नावाने.

मेस्त्री : कोण वाचणार?

सर : पट्टीवाला पोरगा वाचेल.

मेस्त्री : त्याला काय सांगायचं अजून?

सर : साठ हजार किलोमीटरची गाडी. सांगा, पहिलं काय लिहू?

सरांनी खरोखरच खिशातून पेन काढलं आणि बिलबुकाची पाठ समोर घेतली. मेस्त्रींनी हात पुसले, थोडा विचार केला.

मेस्त्री : लिहा. गॅरेजला येताना गाडी धुऊन आणू नका.

सर : का?

मेस्त्री : ऑइल कुठून पाझरतं तिथे धूळ चिकटते. हेडखाली काळं झालं तर गास्केट, चेनच्या बाजूला झालं तर शाफ्टचं सील. धुऊन आणली की मला काहीच दिसत नाही. डॉक्टरकडे जाताना तापाची गोळी घेऊन जाता का?

सर : पण मेस्त्री, पुस्तकात तर उलट सांगितलंय. आधी इंजिन स्वच्छ धुवा, दहा मिनिटं चालवा, मग गळती कुठून येते ते बघा. नाहीतर वाऱ्याने ऑइल मागे पसरतं आणि भलतीच जागा दिसते.

मेस्त्री : ते धुवायचं मी. आधी बघून. गिऱ्हाइकाने नाही.

सर : मग तसं सांगा ना. ‘धुऊ नका’ आणि ‘आधी मेस्त्रीला दाखवा, मग धुवा’, यांत फरक आहे.

मेस्त्री : तुम्ही लिहिताय की मी?